वाळूच्या नावावर

फाउंड्रीत नापास झालेला माल फेकून देत नाहीत. तो पुन्हा भट्टीत जातो, वितळतो आणि दुसऱ्या दिवशी नवा होऊन बाहेर येतो. आमचे मेहुणे शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं, की लोखंड परत वितळवताच आहात, तर रोज सकाळी तुमच्यात एवढी भांडणं कशावरून होतात? मी म्हणालो, लोखंड वितळतं, पण ते कुणामुळं बिघडलं हा प्रश्न शिल्लक राहतो. त्यांना ते काही पटलं नाही. हे वाचून पटावं.

मी कांबळे, राहणार गडमुडशिंगी. घरापासून जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत वाळू विभाग सांभाळतो. कोल्हापुरात फाउंड्री काय असते हे सांगावं लागत नाही, पण हा अंक बाहेरगावीही जातो म्हणून थोडक्यात सांगतो. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो. हा रस वाळूच्या साच्यात ओततात. वस्तू जिथं आतून पोकळ हवी, तिथं साच्यात आधीच वाळूचा भाजून घट्ट केलेला गाभा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. रस थंड झाला की वाळू झाडायची, कोअर फोडून काढायचा, उरतं ते कास्टिंग. म्हणजे चार विभाग झाले: वाळू, कोअर, साचे करणारं मोल्डिंग आणि भट्टी. पाचवा विभाग तपासणीचा. हे लोक काही बनवत नाहीत, चुका काढतात.

वाळू म्हणजे नदीतून आणून ओतली असं नाही. तिच्यात चिकटपणासाठी विशिष्ट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून ती मोठ्या चक्कीत मळावी लागते. पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास हवं. थोडं वाढलं तर वाफ होऊन लोखंडात भोकं पडतात, कमी झालं तर साच्याची कड ढासळते. तपासायला यंत्र आहे, पण जुनी रीत हाताची. मूठभर वाळू दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मधून मोडला तर कड शाबूत राहिली पाहिजे. मी दोन्ही करतो. बायको म्हणते, हा माणूस भाकरीचं पीठसुद्धा दाबून बघतो. खरं आहे. तिचं पीठ आजवर नापास झालेलं नाही, हेही खरं आहे.

आमच्याकडं सकाळी नऊला एक मीटिंग होते. कागदावर तिला इंग्रजी नाव आहे, पण सगळे तिला पंगत म्हणतात. आदल्या दिवशीची नापास कास्टिंगं शेडमध्ये जमिनीवर ओळीनं मांडतात आणि विभागप्रमुख समोर उभे राहतात. तपासणीचे इनामदार हातात खडू घेऊन एकेका कास्टिंगसमोर थांबतात. दोष कुणाचा ते ठरतं, आणि ते त्यावर अक्षर काढतात. 'भ' म्हणजे भट्टी, 'को' म्हणजे कोअर, 'मो' म्हणजे मोल्डिंग, 'वा' म्हणजे वाळू.

ऐकायला सोपं आहे. पण लोखंडात एक भोक दिसलं, तर ते वाळूतल्या ओलीमुळं असेल, कोअर नीट वाळला नसेल म्हणून असेल, किंवा रस गार पडला होता म्हणून असेल. काही भोकं बघताक्षणी ओळखू येतात, काही कास्टिंग कापल्याशिवाय कळत नाहीत. कापायला वेळ जातो. तोवर मोल्डिंगची लाईन सुरू झालेली असते आणि प्रत्येकाचं चित्त आपल्या खात्यात असतं.

त्यात दुसरी एक गोष्ट. भट्टी, कोअर आणि मोल्डिंग या विभागांना दरमहा नापास मालाची मर्यादा घालून दिलेली होती. ती ओलांडली की त्या विभागातल्या सगळ्यांचा त्या महिन्याचा बोनस जायचा. वाळू विभाग म्हणजे पुरवठा करणारं खातं. आम्हाला मर्यादा नव्हती आणि बोनसही ठरलेला होता, कमी-जास्त होत नव्हता.

प्रथा कशी सुरू झाली ते मला चांगलं आठवतं. पंपाच्या एका कास्टिंगवरून भट्टीचे शिंदे आणि कोअर शॉपच्या सुनंदाताई यांच्यात जुंपली होती. शिंदे म्हणजे आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. भट्टीच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळं तो कानात सांगितलेलं गुपितही गेटपर्यंत पोचवतो. सुनंदाताई पाटील कमी बोलतात, पण जागच्या हलत नाहीत. त्यांच्या हाताखाली सगळ्या बायका. वाद मिटेना, इनामदारांचा खडू हवेत. मला माझ्या चक्कीकडं जायचं होतं. मी म्हणालो, "टाका वाळूवर. मला काय फरक पडतोय?" सगळे हसले. इनामदारांनी 'वा' काढला. दुपारी शिंदेनं मला चहा पाजला आणि चारचौघांत म्हणाला, "मन पाहिजे तर कांबळ्याचं."

तिथून पुढं संशयाचा माल वाळूवर, हा नियमच झाला. कुणी ठरवला नाही, लिहिला नाही. कास्टिंगसमोर दोन क्षण शांतता पडली की इनामदार माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायचो. पंगत लवकर उठायला लागली. आमच्या चौघांत वर्षानुवर्षं भांडण झालं नाही. शेजारच्या फाउंड्रीत विभागप्रमुख एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नव्हते, आणि आम्ही सहकुटुंब पन्हाळ्याला सहलीला जात होतो. याचं मला कौतुक वाटायचं. त्यात माझा वाटा मोठा आहे असंही वाटायचं.

मग नवे मॅनेजर आले. शांत, नेमके, आवाज न चढवणारे. पहिले काही दिवस त्यांनी फक्त मागचे आकडे वाचले आणि गणपती झाल्यावर मला बोलावलं. टेबलावर एक आलेख होता. नापास मालात निम्म्याहून जास्त वाटा वाळूचा होता. त्यांनी सांगितलं, की वाळूचं काम ठेकेदाराला द्यायचा विचार आहे, तो आपली माणसं घेऊन येईल. तुमच्या नोकरीला धक्का नाही, तुम्हाला स्टोअरला घेऊ. तुमच्या हाताखालचे सहा जण कायम नाहीत, त्यांचं काम महिनाअखेर थांबेल.

मी म्हणालो, "साहेब, हा सगळा माल आमचा नाही."

"मग तुमच्या विभागावर कसा?"

"पंगतीत चर्चा होऊन ठरतं."

"चर्चेला तुम्ही हजर असता?"

"असतो."

त्यांनी आलेख माझ्याकडं सरकवला. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर माणूस आहे. घरचा गॅस किती दिवस पुरला हे मी लिहून ठेवतो. त्या आलेखातली बेरीज बरोबर होती. मुळात खडूनं काढलेलं अक्षर चुकीचं होतं, आणि ते काढताना मी मान हलवत होतो.

सहा जणांत दिलीप सगळ्यात जुना, माझ्याच गावचा. चक्की तोच चालवतो. बाकीचे पट्ट्यावर, चाळणीवर, फावड्यावर. वाळू विभाग म्हणजे कारखान्यातली सगळ्यात काळी जागा. तिथं वर्षानुवर्षं टिकलेली माणसं सहज मिळत नाहीत, आणि तिथून निघालेल्या माणसाला दुसरीकडं सहज काम मिळत नाही.

मी आधी इनामदारांकडं गेलो. ते घाबरले. त्यांचं म्हणणं, खडू त्यांचा असला तरी मान माझी होती. आता ते उलटं बोलले तर एवढ्या वर्षांची तपासणी खोटी ठरेल. मग शिंदेकडं गेलो. तो भट्टीवरच होता. सगळं ऐकून त्यानं तोंडावरचा घाम पुसला आणि त्याच्या मानानं हळू बोलला.

"कांबळे, तुझ्यासाठी मी काय बी करीन. पर ह्ये न्हाय जमायचं. माझी पोरं हितं आगीसमोर हुबी ऱ्हात्यात. त्यास्नी जाऊन काय सांगू, तुमचा बोनस वाळूवाल्यास्नी दिला म्हणून?"

त्याचंही चुकीचं नव्हतं. तो आपल्या माणसांचं बघत होता. मी आजवर तेवढंही बघितलं नव्हतं, पण हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. शेवटी सुनंदाताईंकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यातली आमची किती असतील? मी म्हणालो, माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. त्या म्हणाल्या, कळायला पाहिजे. एवढं बोलून त्या कोअरच्या ट्रॉलीमागं निघून गेल्या.

मी मॅनेजरांकडून महिनाभराची मुदत मागितली. या महिन्यात संशयाचं एकही कास्टिंग न कापता कुणाच्या नावावर जाणार नाही, आणि महिनाअखेरचे जे आकडे येतील त्यावर तुम्ही ठरवा. त्यांनी कबूल केलं आणि कापायला एक माणूस दिला.

दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत तिसऱ्या की चौथ्या कास्टिंगला आतल्या बाजूनं भोक होतं. सवयीनं शांतता पडली, इनामदारांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हे माझं नाही. कापा."

शिंदेनं हात कमरेवर ठेवले. "एवढी वर्षं तुजं हुतं, आन् आजच कसं काय परकं झालं रं? रात्रीत वाळू बदलली व्हय?"

मोल्डिंगचा प्रमुख हसला, पण बाकी कुणी हसलं नाही. कास्टिंग कापून आणलं. भोक गुळगुळीत होतं, कोअरच्या बाजूला लागून. असं भोक कोअरमधल्या वायूनं पडतं. पण पुराव्यापुढंही माणूस बोलू शकतो, आणि आमच्या पंगतीत लोक बोलण्यात तरबेज होते. सुनंदाताईंनी तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडं धरला, अंगठा भोकावरून फिरवला.

"कोअरचं आहे," त्या म्हणाल्या. "को लिहा."

इनामदारांनी दोनदा विचारलं. पंगतीत कुणी न भांडता आपलं नाव सांगितल्याचं मी पहिल्यांदा बघत होतो.

पुढचे दिवस वाईट गेले. रोज कापाकापी, रोज तोंडातोंडी. शिंदे माझ्याशी बोलेना. डब्याला आम्ही एका टेबलावर बसायचो, तो टेबल बदलून बसायला लागला. गार रस ओतल्यामुळं बिघडलेली काही कास्टिंगं त्याच्या नावावर गेली, तेव्हा त्यानं माझं नाव न घेता माझा बराच उद्धार केला. कोअर शॉपमध्ये मात्र एक शोध लागला. कोअरला लेप देऊन तो वाळवतात, आणि पावसाळी हवेत ओव्हनमधले खालच्या फळीवरचे कोअर ओलेच राहत होते. हे असंच चाललेलं असणार, पण त्या फळीवरचा माल वाळूच्या नावावर जात होता, त्यामुळं ओव्हनकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आता माझ्या शोधाविषयी सांगायला हवं. मला पक्की खात्री होती, की खरं खोटं वेगळं झालं की वाळूच्या नावावर जेमतेम काही उरेल. मी शाळेतल्या मुलासारखा रोज संध्याकाळी आकडे मांडत होतो. पण दुसऱ्या आठवड्यातच दिसायला लागलं, की भट्टीचं भट्टीला आणि कोअरचं कोअरला देऊनही वाळूचा ढीग माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा राहतोय. पूर्वी लिहीत होते तेवढा नव्हे, पण लहानही नव्हे. या कास्टिंगांच्या अंगात वाळूचे कण रुतलेले होते, म्हणजे साच्याची कड ढासळून रसात पडलेली. कास्टिंगवर वेळेचा शिक्का असतो. मी शिक्क्यांप्रमाणं ओळ लावून बघितली, तर बहुतेक माल दुपारनंतरचा.

अर्थ सरळ होता. वाळू आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो. सकाळी ती रात्रभर निवलेली असते. दुपारी नुकतीच रसाखालून निघालेली गरम वाळू परत येते, आणि ती थंड करायचा पंखा बऱ्याच दिवसांपासून अर्ध्या जोरानं फिरत होता. गरम वाळूतलं पाणी चक्कीतून साच्यापर्यंत जाईतो उडून जातं. पंख्याबद्दल मी एकदा लिहून दिलं होतं. पण वाळूच्या चुका या हवामानाच्या, म्हणजे कुणाच्याच नव्हेत, असा सगळ्यांचा समज होता, आणि इतरांचा माल अंगावर घेता घेता माझाही झाला. माझ्या नावावर जे आहे ते दुसऱ्यांचं आहे, असं मी धरून चाललो होतो. त्या ढिगात माझं स्वतःचं किती, हे मी कधी वेगळं काढलंच नव्हतं.

महिना संपत आला. वाळूचा आकडा निम्म्यावरून एक तृतीयांशाच्या आसपास आला होता. ठेकेदार टाळायला एवढं पुरेल की नाही, याचा अंदाज कुणालाच नव्हता. सहा जणांपर्यंत बातमी पोचली होती, पण विचारत कुणी नव्हतं.

अशा एका सकाळी पंगतीत दुपारच्या शिक्क्याची चार कास्टिंगं एका ओळीत आली. सगळ्यांच्या अंगात वाळूचे कण. मी पुढं होणार तोच शिंदे बोलला. तीन आठवड्यांत माझ्या बाजूनं तोंड करून त्यानं पहिल्यांदाच शब्द काढला होता.

"इनामदार, भ लिहा. काल दुपारी धार लई वरनं पडली. साचा धुपला असंल."

असं होऊ शकतं. रस उंचावरून जोरात ओतला तर साचा धुपतो. पण शिंदेच्या पोरांची धार कशी पडते ते मला माहीत आहे. त्याच्या विभागाच्या मर्यादेत त्या महिन्यात थोडी जागा शिल्लक होती, आणि ती तो मला देत होता. सगळ्यांना ते कळलं. मोल्डिंगवाला खाली बघायला लागला. इनामदारांनी खडू टेकवला आणि पूर्वीसारखं माझ्याकडं बघितलं. फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "नाही. वाळूचं आहे. माझं."

"खुळा हायस काय?" शिंदे त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "सा घरं हाईत मागं."

"आहेत. पण वाळू गरम होती. भ लिहिलं तर पंखा कोण बघणार?"

इनामदारांनी चारही कास्टिंगांवर 'वा' काढला.

बातमी माझ्याआधी चक्कीवर पोचली. मी गेलो तर दिलीप चक्की थांबवून उभा होता. बाकीचे पाच जण मागं. मी सगळं समजावून सांगितलं, आकड्यांसकट. त्यानं ऐकून घेतलं.

"सायेब, आजवर दुसऱ्याचा माल अंगावर घ्यायचासा, तवा आमास्नी इचारलं न्हाईसा. आज आपला घेतलासा, तेबी इचारलं न्हाईसा. नाव तुमचं एकट्याचं हाय व्हय वाळूला?"

मोठं मन म्हणून ज्याचं कौतुक झालं होतं, ते मी सहा जणांच्या कामावर दाखवत आलो होतो, आणि तेही त्यांना न विचारता. मी बसलो आणि त्या दिवशी प्रथमच त्यांना विचारलं, की दुपारी नेमकं काय होतं. ते म्हणाले, मोल्डिंगच्या लाईनवरून ओरडा होतो, मग निवायच्या आधीच वाळू चक्कीत ओढतो. मी विचारलं, मला का सांगितलं नाही? दिलीप म्हणाला, सांगून काय, सगळं आमच्यावरच जातंय की. हे त्यांना ठाऊक होतं. मला वाटत होतं, ठाऊक नाही.

महिनाअखेर मी दिलीपला घेऊन मॅनेजरांपुढं बसलो. दुपारचे आकडे वेगळे मांडून दाखवले आणि दिलीपनं लाईनच्या ओरड्याचं सांगितलं. साहेबांनी एकच प्रश्न केला, की पंखा दुरुस्त झाल्यावर हे कमी होईल याची खात्री देता का? मी म्हणालो, दुपारचा माल कमी होईल, किती ते सांगता येत नाही. तीन महिन्यांनी जे उरेल ते आमचं असेल, त्यात दुसऱ्या कुणाचं नसेल, एवढी खात्री देतो. त्यांनी ठेकेदाराचा कागद बाजूला ठेवला. पंखा आठवड्यात फिरू लागला. सहाही जण आजपर्यंत आहेत. ते कायम झालेले नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट आहे त्यापेक्षा बरी वाटेल. शिंदे माझ्या टेबलावर परत आला, पण पन्हाळ्याची सहल त्यानंतर झाली नाही.

त्या महिन्यात कोअर शॉपची मर्यादा ओलांडली गेली. दिवाळी तोंडावर आलेली आणि बायकांचा बोनस गेला. 'को' लिहा असं सुनंदाताई पहिल्या दिवशी बोलल्या, तेव्हा हे होणार याचा हिशोब त्यांनी मनात नक्कीच केला असणार. मला राहवेना. दिवाळीच्या आधी मी कोअर शॉपमध्ये गेलो. मला बघून एक बाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आलं बघ वाळूवालं पावणं, आमची दिवाळी घेऊन गेल्यालं." बाकीच्या हसल्या नाहीत. सुनंदाताई ओव्हनसमोर होत्या, खालची फळी बाहेर ओढून एकेक कोअर बोटानं तपासत होत्या.

मी म्हणालो, ताई, तुमच्यामुळं माझी माणसं वाचली. तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर पुढं कुणीच बोललं नसतं. तुमचे आभार मानायला आलोय.

त्यांनी हातातला कोअर उलटा करून बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांना माझं बोलणं नीट कळलं नसावं असं वाटलं.

"आभार कसले?" त्या म्हणाल्या. "कोअर माझाच होता की."

आणि त्यांनी फळी आत ढकलून ओव्हनचं दार लावलं.